ओल्या सिमेंटचा रंग

सदर व्यक्ती स्त्री असून वय पन्नाशीच्या आतबाहेर आहे. हुद्दा वरिष्ठ अहवाल-टंकलेखिका. नेमणूक एका मोठ्या तपासणी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीकडून तिसऱ्या टेबलाशी. बांधा मध्यम. दृष्टी चष्म्यासह समाधानकारक, श्रवण उत्तम. टंकलेखनाचा वेग विभागात सर्वाधिक, चुकांचे प्रमाण नगण्य. वर्तणूक शांत. सहकाऱ्यांशी संबंध सलोख्याचे. ओळखीची खूण: नाही. वार्षिक मूल्यमापनाच्या शेवटच्या रकान्यात विभागप्रमुखांनी याही वर्षी लिहिलेला शेरा: 'कामात भावना आणत नाही. इतरांनी अनुकरण करावे.'

घरी तिची जाऊ तिला मशीन म्हणते.

घर दोन मजली होतं. खाली थोरली जाऊ राहायची, वर ही धाकटी आणि तिचा नवरा. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन गाडीने दिवस मोडेल इतक्या लांब गेली होती, आणि थोरलीच्या वाट्याला खालच्या खोल्या, एक शिलाई मशीन आणि धाकटी एवढंच उरलं होतं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, शाळेच्या गणवेशांना बटणं लावणं ही तिची कामं. दिवसभर पायाखाली मशीन आणि तोंडात टाचण्या. टाचण्या निघाल्या की टोमणे.

"माझ्या मशीनला निदान तेल तरी लागतं," ती गिऱ्हाइकाला सांगायची, नेमकी धाकटी जिन्यावर असताना, तिला ऐकू जाईल अशा बेताने. "वरचं मशीन बिनतेलाचं आहे. आवाजसुद्धा करत नाही."

धाकटी थांबायची. "वहिनी, येताना दूध आणू का?"

"बघितलंत?" थोरली गिऱ्हाइकाला म्हणायची.

दोघींचं सख्य होतं की वाकडं होतं, हे दोघींनाही सांगता आलं नसतं. भांडायची ती थोरली. धाकटी ऐकून घ्यायची. असं एकतर्फी भांडण फार वर्षं टिकतं, कारण मिटवायला समोर कोणी नसतं.

पण धाकटी काही जन्मापासून मशीन नव्हती. तिच्या कामाचं स्वरूप थोडं सांगायला हवं. माणसाच्या शरीरातून काढलेला तुकडा बाटलीतून प्रयोगशाळेत येतो. त्याचा पापुद्रा काचेवर घेतात, रंगवतात, आणि डॉक्टर तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जे दिसतं ते एका यंत्रात बोलून ठेवतात. टंकलेखिका हेडफोन लावून ते बोलणं ऐकतात आणि संगणकावरच्या एका साध्या एडिटरमध्ये उतरवतात. बाटलीवर नाव नसतं, क्रमांक असतो. त्यामुळे गुप्तता राहते असं प्रयोगशाळेचं म्हणणं. वय मात्र असतं.

नोकरीला लागल्यावर वर्षा-दीड वर्षाने एका अहवालात वयाच्या जागी 'चार' आलं. धाकटीने अहवाल पुरा केला, पुढचा घेतला, तोही पुरा केला, वेळ झाल्यावर घरी निघाली, वाटेत भाजी घेतली, आणि घराच्या जिन्यात मधल्या पायरीवर बसली ती उठेना.

थोरली बाहेर आली. "काय झालं?"

"काही नाही. बसलेय."

थोरली टाचण्या तोंडात धरून तिच्याकडे बघत राहिली. मग टाचण्या काढून म्हणाली, "बसायचंय तर आत येऊन बस. जिना काय बसायला बांधलाय?" धाकटी आत जाऊन बसली. थोरलीने तिच्यापुढे गणवेशांचा ढीग आणि बटणांचा डबा सरकवला. अंधार पडेपर्यंत धाकटीने बटणं लावली. काय झालं होतं ते तिने सांगितलं नाही आणि थोरलीने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसातल्या संगणकवाल्याला गाठलं. याच्याकडे सगळ्या मजल्यावरच्या संगणकांची देखभाल होती आणि त्याचा स्वतःचा पडदा खेळण्यांच्या दुकानासारखा दिसायचा: काळ्यावर जांभळी अक्षरं, त्यांत पोपटी ओळी, कोपऱ्यात एक उड्या मारणारं मांजर.

"यात शब्दांना आपोआप रंग देता येतो म्हणे?" धाकटीने विचारलं.

"कुठल्याही शब्दाला, कुठलाही. 'घातक' वगैरे आलं की लाल आणि जाड. बाकी सगळ्या जणी तेच करून घेतात. डोळ्यांत भरतं, चूक होत नाही."

"आणि उलट?"

"उलट म्हणजे?"

"डोळ्यांत भरू नये असं."

संगणकवाल्याने खुर्ची वळवली. "पडद्याच्या रंगाचंच करता येईल. पण मग दिसणारच नाही."

"अगदी तोच रंग नको. शेजारचा."

"अहो, पण टाइप करताना कळणार कसं?"

"ऐकू येतं ना."

"रंग ठरवून या मग," तो म्हणाला. संगणकवाल्यांना तऱ्हेवाईक मागण्यांची सवय असते, आणि या मागणीला वरून मंजुरी लागत नव्हती.

राहिला प्रश्न रंगाचा. धाकटीचा नवरा रंगाच्या दुकानात काउंटरला होता. एका रंगाच्या अगदी शेजारचा रंग कसा काढतात, असं तिने जेवताना विचारलं, तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. लग्न झाल्यापासून त्याच्या धंद्याबद्दल घरात निघालेला हा पहिला प्रश्न होता.

"मूळ रंगात पांढऱ्याचा एक थेंब," तो म्हणाला. "भिंतीवर लावलास तर कोणाच्या बापाला ओळखू येणार नाही. दोन्हींचे नमुने शेजारी धरले तर येईल. तेही मी बोट ठेवून दाखवलं तर."

दुसऱ्या दिवशी तो शेड-कार्डांची चळत घेऊन आला. धाकटीने बराच वेळ पानं उलटली आणि एका राखाडी चौकोनावर बोट ठेवलं. तिला तो ओल्या सिमेंटसारखा वाटला. नवऱ्याने मान डोलावली, आणि पुढच्याच सुट्टीला स्वतःच्या हाताने अख्खं स्वयंपाकघर त्या रंगाने रंगवून काढलं. एवढ्या हौसेने केलेल्या कामाला नाही कसं म्हणायचं, म्हणून ती काही बोलली नाही. थोरली वर आली, दारातच थबकली आणि म्हणाली, "स्वयंपाकघर आहे की पाण्याची टाकी?"

तर धाकटीचा पडदा असा झाला. मागचा रंग ओल्या सिमेंटचा. साधी अक्षरं सायीच्या रंगाची, गोल वळणाची, जरा मोठी. मापं चुकता कामा नयेत म्हणून आकडे पिवळे. 'डावा' निळा, 'उजवा' नारिंगी, कारण तिथे गफलत झाली तर कापाकापी भलत्या बाजूला व्हायची. वरची बटणांची पट्टी काढून टाकलेली, कडेचे ओळींचे क्रमांकही. आणि नको ते शब्द निम्म्या वाळलेल्या सिमेंटचे, तेही बारीक टाइपात. ते पडद्यावर उमटायचे आणि तिथेच विरायचे, ओल्या फरशीवरच्या पावलासारखे.

आधी दोनच शब्द होते, 'कर्करोग' आणि 'घातक'. मग 'पसरलेला' आला. मग 'अनियमित'. एक डॉक्टर बोलता बोलता 'दुर्दैवाने' म्हणायचे, तोही घातला. पुढे ते डॉक्टर नोकरी सोडून गेले, शब्द राहिला. दहाच्या आतली वयंही तिने फिकी करून घेतली. कानांतून बोटांत जे जायचं ते वाटेत डोळ्यांना भेटत नव्हतं. वेग वाढला, चुका घटल्या, वर्षअखेरीला शेरा आला.

तिला बरं वाटू लागलं असं म्हणता येणार नाही. वाटेनासं झालं. पुढे ते घरीही तसंच झालं. टीव्हीवर काही लागलं तरी, दारात कोणी येऊन रडलं तरी, धाकटी ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि दूध आणायचं का विचारायची. मशीन हे नाव पडलं ते तेव्हाच.

एका सोमवारी सकाळी ती कामाला निघाली असताना थोरलीने जिन्याशी अडवलं. तोंडात टाचण्या नव्हत्या.

"काखेत गाठ आलीय मला," थोरली म्हणाली. "डॉक्टरनी तुकडा काढलाय. तुझ्याच कारखान्यात गेलाय."

"कधी?"

"मागच्या आठवड्यात. कुणाला सांगितलं नाही. सांगून काय, तू दूध आणू का म्हणाली असतीस." तिने ब्लाउजमधून घडी घातलेली एक चिठ्ठी काढली. तिच्यावर क्रमांक होता. "आज तयार असेल म्हणाले. बघून सांग."

"वहिनी, आम्हाला परक्या क्रमांकाचे अहवाल बघायला परवानगी नाही."

"मी परकी?"

"तसं नाही..."

"हे बघ. लेकीचे दिवस भरत आलेत. मी येतेय म्हणून तिने सासूला नको म्हणून कळवलंय. गाडी परवाची, आणि डॉक्टर शुक्रवारी भेटणार. साफ असेल तर मी परवा निघते आणि डॉक्टरला नाही म्हणून कळवते. नसेल तर लेकीला आजच सांगायला हवं, म्हणजे ती दुसऱ्या कुणाची सोय करेल. तिला ऐन वेळी लटकवायचं नाही मला. एवढंच आहे. तू बघ आणि सांग. बाकी काही बोलू नकोस, तुला येतही नाही."

धाकटीने चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

दुपारच्या चहाला सगळ्या उठल्या तेव्हा तिने तो क्रमांक घातला. अहवाल सकाळच्या पाळीतल्या कुणीतरी टंकला होता, ती आवाजाची फीत तिच्या कानांवरून गेली नव्हती. हेडफोन टेबलावर पडलेला. तिने फाइल तिच्या एडिटरमध्ये उघडली, नेहमीच्या रंगांत, आणि वरून खाली नजर फिरवली. मापं पिवळी, नीटस. बाजू डावी, निळी. कडा, पेशी, थर, सगळं सायीच्या अक्षरांत, मधे मधे थोडी विरळ. शेवटी 'निष्कर्ष', पुढे दोन टिंबं, आणि पुढे काही नाही. त्याखाली डॉक्टरांची आद्याक्षरं.

काही नाही म्हणजे काही नाही. तिने फाइल बंद केली आणि चहाला गेली.

वास्तविक प्रयोगशाळेतून रिकाम्या निष्कर्षाचा अहवाल कधीच बाहेर पडत नाही. काही आढळलं नसेल तर 'काही आढळले नाही' असं लिहावं लागतं, तसा नियमच आहे, आणि नव्या मुलींना तो नियम धाकटीच शिकवायची.

संध्याकाळी थोरली मशीनवर बसली होती. पाय थांबलेले.

"साफ आहे, वहिनी," धाकटी दारातून म्हणाली. "काही नाही."

"नीट बघितलंस?"

"हो. मी स्वतः."

थोरलीने मशीनच्या चाकावर हात ठेवला. मग तिने नाक पुसलं आणि भांडायला सुरुवात केली. "आठवडाभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. आणि तू सांगतेस कशी? पाणी आलं म्हणून सांगावं तशी. अगं, माणसाने आत यावं, बसावं, जरा हसावं."

धाकटी आत येऊन बसली.

"हस आता."

धाकटी जमलं तेवढं हसली. थोरलीने ते बघितलं आणि हात झटकला. "राहू दे. त्यापेक्षा नको."

तिने तिथेच बसून लेकीला फोन लावला, परवा निघते म्हणून सांगितलं, दवाखान्यात फोन करून शुक्रवारचा नंबर सोडला. माळ्यावरची बॅग काढायला लावली, आणि महिनाभर गुपचूप शिवून ठेवलेले बाळाचे कपडे एकेक करून धाकटीच्या मांडीवर टाकत गेली. ते तळहाताएवढे होते.

"मी मशीन म्हणते ते मनाला लावून घेऊ नकोस," कपड्यांकडे बघत थोरली म्हणाली. "आज तुझ्यामुळे जीव भांड्यात पडला."

"नाही लावून घेत," धाकटी म्हणाली, आणि ते खरं होतं.

मंगळवारी ऑफिसात परिपत्रक फिरलं. विभागाच्या कार्यक्षमतेत वाढ व्हावी या हेतूने, वरिष्ठ टंकलेखिकेच्या संगणकावरील रंग, अक्षरवळण व मांडणी ही 'आदर्श रचना' म्हणून सर्व टेबलांवर लागू करण्यात येत आहे. विभागप्रमुखांनी ती रचना जवळून कधी पाहिली नव्हती. त्यांनी वेगाचे आकडे पाहिले होते.

संगणकवाल्याने पहिला मान धाकटीच्या शेजारणीला दिला. ही शेजारीण बोलघेवडी, पडदा गुलाबी, महत्त्वाचे शब्द लालभडक. त्याने दोन बटणं दाबली आणि तिचा गुलाबी रंग सिमेंटखाली गेला. पडद्यावर तिने सकाळी संपवलेला कुठलासा अहवाल उघडा होता.

"हे काय हो?" शेजारीण म्हणाली. "अर्धा अहवाल खाल्ला तुमच्या रचनेने."

"थांबा, सवय होईल."

"कसली सवय? शब्दच नाहीत. बघा की, पेशी काय आहेत? पुढे भोक. कडा कशा आहेत? भोक. मोलकरणीने पुसून काढल्यासारखं."

दोघी-तिघी जमल्या. हसणं ऐकून विभागप्रमुख आले. त्यांनी चष्मा वर केला, पडद्याशी नाक नेलं, मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. खिडकीचा उजेड पडद्यावर पडत होता.

"हा निष्कर्ष रिकामा का सोडलाय?" त्यांनी विचारलं.

"रिकामा नाही, सर," धाकटी मागून म्हणाली. "आहे तिथे. दिसत नाही एवढंच."

हे वाक्य तिने बोलून संपवलं आणि ती तशीच उभी राहिली.

"दिसत नाही म्हणजे?" विभागप्रमुख म्हणाले. "तुम्ही काम करता कसं मग?"

"ऐकून."

"आणि वाचायची वेळ आली तर?"

धाकटी आपल्या टेबलाशी गेली, खुर्चीत बसली आणि संगणकवाल्याला खुणेने बोलावलं.

"मूळचे रंग कसे आणायचे?"

"काय, पांढऱ्यावर काळं? ही दोन बटणं एकदम दाबा. का हो, कंटाळलात?"

"जरा बघायचंय."

तिने पर्समधली चिठ्ठी काढून क्रमांक घातला. फाइल कालचीच उघडली, कालच्याच रंगांत. निष्कर्ष, दोन टिंबं, ओलं सिमेंट. मग तिने दोन बटणं एकदम दाबली. पडदा कागदासारखा पांढरा झाला, इतका की तिला डोळे बारीक करावे लागले. कडा अनियमित होत्या. पेशी घातक होत्या. निष्कर्षापुढे एकच शब्द होता, काळा, ठळक, बाकीच्या शब्दांइतकाच मोठा.

तिने तो वाचला. मग क्रमांक चिठ्ठीशी ताडून पाहिला, एकेक आकडा बोटाने दाबत. मग जिन्यात जाऊन दवाखान्यात फोन केला. शुक्रवारची वेळ काल कुणीतरी सोडलेली होती, ती परत हवी होती. ती दुसऱ्याला दिली, असं पलीकडची मुलगी म्हणाली, शेवटची चालेल का? धाकटी म्हणाली, चालेल. फोन ठेवल्यावर ती जिन्यात बसली नाही. टेबलाशी परत गेली आणि राहिलेले अहवाल संपवले, पांढऱ्यावर काळे. त्या दिवशीचा तिचा वेग विभागात सर्वांत कमी होता.

संध्याकाळपर्यंत परिपत्रक तांत्रिक कारणास्तव मागे घेण्यात आलं.

थोरली बॅगेवर गुडघा रोवून चेन ओढत होती. "आलीस? धर जरा इकडून. बाळाचे कपडे एवढेसे, पण जागा खातात बघ."

"वहिनी, उद्या जाऊ नका."

"का? संप आहे?"

"तुमचा अहवाल साफ नाही."

थोरलीने चेन सोडली नाही. "काल तर म्हणालीस."

"काल म्हणाले. काल मला दिसलं नाही."

"काय दिसलं नाही?"

"शब्द."

"कुठला?"

धाकटीने तो उच्चारला. इतक्या वर्षांत तो तिने कितीदा टंकला होता त्याला गणती नव्हती, पण तोंडाने म्हणायची वेळ बहुधा आली नव्हती. आवाज नेहमीचाच निघाला, दूध-भाजीचा.

थोरली गुडघा बॅगेवरच ठेवून खाली बसली, अर्धी बॅगेवर, अर्धी जमिनीवर. बाहेर कुणाची तरी पँट न्यायला गिऱ्हाईक आलं, हाका मारून गेलं.

"दिसलं नाही म्हणजे काय?" शेवटी थोरली म्हणाली. "चष्मा नव्हता?"

"होता." मग धाकटीने सांगितलं. रंगांचं, शब्दांचं, टाइप बारीक करून घेतला होता त्याचं. तिला गोष्ट सांगता यायची नाही, त्यामुळे ते एखाद्या यंत्राच्या माहितीपत्रकासारखं झालं. थोरली ऐकत होती.

"म्हणजे तू ते शब्द पुसलेस."

"पुसले नाहीत. फिके केले."

"का?"

"बघवत नव्हतं."

"कधीपासून?"

"फार वर्षं झाली. तुम्ही मला बटणं लावायला दिली होतीत, तेव्हापासून."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. "मला वाटायचं तुला काही वाटतच नाही."

"आता नाही वाटत," धाकटी म्हणाली.

थोरली उठली. तिने चेन उलटी ओढली आणि बॅगेतून कपडे काढायला लागली. धाकटी मदतीला वाकली तेव्हा तिने तिचा हात बाजूला केला, मग थोड्या वेळाने काही न बोलता कपड्यांचा एक गठ्ठा तिच्याकडे दिला. साड्या कपाटात गेल्या. बाळाचे कपडे थोरलीने एका पिशवीत भरले आणि पिशवीचं तोंड टाके घालून शिवून टाकलं, पार्सलला करतात तसं.

मग तिने लेकीला फोन लावला. "अगं, माझं काही जमत नाहीये. नाही, नाही, तसं काही नाही, कामं आलीत गणवेशांची. सासूला बोलाव. तिला बोलावून घे म्हणते ना. कपडे पाठवतेय." पलीकडून लेक चिडून बोलत असावी, कारण थोरलीने फोन कानापासून जरा लांब धरला. "हो, मी आहेच तशी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

"खरं सांगायला हवं होतं," धाकटी म्हणाली.

"तू शिकवू नकोस." थोरली मशीनवर बसली. पाय ठेवला, काढला. "डॉक्टरचा नंबर मी सोडला काल. तुझ्या भरवशावर."

"घेतलाय परत. शुक्रवारी शेवटचा."

"वेळ गेला का माझा? एका दिवसात?"

"नाही गेला."

"शुक्रवारी तू चल बरोबर. दिराला नको, तो दारातच गळा काढेल. रडणारं माणूस नकोय मला."

"येते."

"ते मला माहीत आहे," थोरली म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. पहिल्यांदा ओवला गेला नाही. दुसऱ्यांदा गेला.

बुधवारी संगणकवाला धाकटीच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. कालपासून पडदा पांढराच होता. "तुमची रचना परत लावायची की राहू दे?"

"लाव."

"सगळे शब्द?"

"सगळे."

"ते 'दुर्दैवाने' पण? आता कोणी म्हणत नाही ते."

"असू दे."

त्याने दोन बटणं दाबली. धाकटीने हेडफोन चढवला आणि दुपारपर्यंत तिचा वेग पूर्ववत झाला. शुक्रवारच्या अर्ध्या दिवसाची रजा तिने टाकली, ती विभागप्रमुखांनी कारण न विचारता मंजूर केली. दुसऱ्यांनी टंकलेला अहवाल तपासायला आला की मात्र ती तो शेजारणीकडे सरकवायला लागली आणि मोठ्याने वाच म्हणायची. शेजारीण वाचायची. तिला वाचायला आवडायचं.

शुक्रवारी दोघी वेळेआधी पोहोचल्या. दवाखान्याच्या भिंती कुठल्याशा पांढऱ्या रंगाच्या होत्या. नवऱ्याने त्याचं नाव सांगितलं असतं. थोरलीने चांगली साडी नेसली होती आणि पदराला एक टाचणी तशीच राहिली होती, ती धाकटीने काढून घेतली. शेवटचा नंबर असल्यामुळे खुर्च्या एकेक करून रिकाम्या होत गेल्या.

"लेकीला काल रात्री सांगितलं," थोरली समोर बघत म्हणाली. "रडली. मग मीच तिची समजूत घातली. म्हटलं, धाकटी आहे बरोबर."

"मग?"

"मग काय. ती म्हणाली, काकू काय कामाची."

धाकटीने मान हलवली. आतून हाक आली.

डॉक्टर मध्यमवयीन, सावकाश बोलणारे. त्यांनी दोघींना बसवलं, पाकिटातून अहवाल काढला, पांढऱ्या कागदावर काळा, टेबलावर सरळ केला, आणि थोरलीकडे न बघता तो सगळा वाचून दाखवायला सुरुवात केली. बाजू, माप, कडा. थोरली ताठ बसली होती, हात मांडीवर. धाकटी त्यांच्या ओठांकडे नाही, टेबलाच्या कडेकडे बघत होती. पर्स तिच्या मांडीवर होती. तिच्यावर तिची बोटं हलायला लागली, आधी एका हाताची, मग दोन्ही, डॉक्टरांच्या मागोमाग, शब्दाला शब्द, अगदी बिनआवाज.

डॉक्टर निष्कर्षापर्यंत आले आणि तो शब्द म्हणाले. थोरलीच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. कळलं नसेल म्हणून ते थांबले आणि पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणाले.

धाकटीने तो दोन्ही वेळा टंकला.